पायाखालची आग

कुणी उन्हाचं कौतुक केलं की आमच्या कॉलेजातल्या एक बाई चपलेची टाच फरशीवर दोनदा आपटायच्या. "वर काय बघता, सर? खाली बघा की!"

आमच्या सोलापुरात उन्हाला तोटा नाही. गच्च्यांवर, माळरानांवर सौर पट्ट्या आल्या आणि विजेची काळजी मिटली म्हणून आम्ही सगळे खूश होतो. या बाई तेवढ्या नव्हत्या. त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र. दोघंही भवानी पेठेत राहायचो, त्यामुळे घरी जातानाही त्यांचा तास चालूच असायचा.

"पेठेतले यंत्रमाग रात्रीही चालतात. तेव्हा तुमचा सूर्य कुठं असतो?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. एकच गोष्ट बोलत राहणारं.

एकदा कॉलेजात 'उद्याची वीज' या विषयावर व्याख्यान झालं. बाईंनी उठून जमिनीच्या उष्णतेबद्दल विचारलं, तेव्हा पाहुणे हसून म्हणाले, "मॅडम, सोलापुरात ज्वालामुखी आणणार का?" सभागृह खदखदून हसलं.

बाई पदर खोचून थेट फळ्यापाशी गेल्या. "ज्वालामुखी कशाला? पुरेसं खोल गेलं की खडक सगळीकडेच तापलेला असतो. त्याला भेगा पाडायच्या, एका विहिरीतून पाणी सोडायचं, दुसरीतून ते तापून वर येतं. त्याच्या वाफेवर चाक फिरवायचं. दिवसा, रात्री, ढगातही." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "सूर्याशी माझं भांडण न्हाय. त्याला एकट्याला राबवू नका, एवढंच."

या वेळी कुणी हसलं नाही. पण टाळ्याही वाजल्या नाहीत.

पुढच्या वर्षी विद्यार्थी नाहीत म्हणून त्यांचा विभागच बंद झाला. प्राचार्यांनी त्यांना ग्रंथालयात बसायला सांगितलं. बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. लडाखात एका प्रकल्पात खोल विहिरी खणून अशी वीज करून बघणार होते आणि तिथं खडकाची पारख करणारं माणूस हवं होतं. नवरा वारलेला, वय साठीकडे झुकलेलं. मुलगा पुण्याहून धावत आला.

"अम्मी, तिथं श्वास घ्यायला हवा पुरत नाही."

"हितं तरी कुठं पुरत होती?" बॅग भरता भरता त्या म्हणाल्या.

विहिरींची पहिली जोडी फसली. खडक गरम निघाला, पण खाली सोडलेलं पाणी भेगांतच जिरलं, वर आलंच नाही. बरोबरची निम्मी माणसं परतली. बाईंना दम लागून दवाखान्यात ठेवावं लागलं. मी फोनवर म्हटलं, "आता परत या, मॅडम. पुष्कळ झालं."

"खडक गरम हाय ना, सर?"

"आहे."

"मग मी काय म्हणून परत येऊ?"

बऱ्या झाल्या आणि पुन्हा डोंगरावर कामाला गेल्या. दुसरी जोडी थोडी बाजूला खणली.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं मला मोबाइलवर चित्रफीत पाठवली. उघडाबोडका डोंगर, एक जाड नळ, आणि त्यातून फुसांडत निघालेली पांढरी वाफ. माणसं नाचत होती. मी ती कॉलेजात दाखवली, तर प्राचार्य लगेच म्हणाले, "बोलवा त्यांना, सत्कार करू." मी फीत पुन्हा सुरू केली आणि शेवटपर्यंत त्यांना ऐकवली. शेवटी वाफेमागून, धापा टाकत, बाईंचा आवाज येतो:

"नाचताय काय? अजून एक दिवा लागला न्हाय. चला, कामाला लागा!"