लिदीचं भोक

तातेराव गवंड्याच्या हातची भिंत पडली, असं सांगणारा माणूस वारंगा फाट्यापासून नरसीपर्यंत सापडायचा न्हाई. शाळा चवथीपर्यंत, पण ओळंबा न लावता कोपरा धरायचा. मग म्हणायचा, "आता लावा ओळंबा. सूतभर फरक निघाला तर मिशी काढून देतो." मिशी अजून जाग्यावर व्हती.

दुष्काळ सरून दोन वर्सं झाली, तवा त्याच्या धाकट्या भावानं, नरसिंग मास्तरानं, देशमुखाची पडीक पागा इकत घेतली. घोडी कवाच मेली व्हती, देशमुखाची पोरं शहरात गेली व्हती. पागा तेवढी उभी. काळा दगड, म्होरं कमान, आत चार दगडी गव्हाणी, भिंतीत घोडी बांधायच्या कड्या.

"दादा, तू हात लावला तर घर व्हईल," नरसिंग म्हणला.

"घर? वाडा करतो. देशमुख स्वतः बघाया येईल."

आन् केलाच की! मधी आडवी भिंत घेऊन दोन खोल्या काढल्या. एका गव्हाणीत ज्वारी, एकीत मास्तराची पुस्तकं, एकीत गोधडी टाकून लेकरू झोपायचं. चवथी बुद्धाच्या फोटोसाठी. कड्यांना कापडं टाकायला वलणी बांधली.

तेवढ्यात एक दिवस देशमुखाचा जुना कारभारी गोपीचंद छत्री टेकत आला. कमानीकडं बघून म्हणला, "तातेराव, ही बुजवून घे. म्होरून देशमुखांच्या वाड्याची वाट हाय. दार मागं कर. तुमच्या बापाची वहिवाट मागूनच हाय की!"

तातेरावच्या डोक्यात आग शिरली. बाप कोंडीबानं ह्याच पागेत तीस वर्सं लीद काढली. घोडी कमानीतून जायची, बाप न्हाई. मागच्या भिंतीला लीद भायेर ढकलायचं भोक व्हतं, कमरेएवढं. सकाळी त्याच्यातून रांगत आत, सांजेला रांगत भायेर. पोरगा असताना तातेरावनं ते डोळ्यानं बघितलं व्हतं.

"कारभारी," तो म्हणला, "हातात दगड हाय. भिंतीत बसवू का कुठं बसवू, तेवढं सांगा."

गोपीचंद छत्री न उघडताच गेला.

त्याच दिवशी तातेरावनं भोक बुजवलं. निवडून दगड घडले, चुना असा भरला की सुई जायची न्हाई. सांजेला नरसिंग शाळेतून आला आन् कपाळाला हात लावला.

"दादा, तिथं खिडकी ठेवायची ठरली व्हती. चूल तिकडंच हाय. धूर कुठून जाईल?"

"कमानीतून जाईल! साऱ्या गावासमोरून जाईल! त्या भोकातून आपला बाप रांगला रं. ते मी उघडं ठिवू?"

धूर काही गेला न्हाई. मास्तराची बायको जनकाबाई डोळे पुसत, मोठ्या दिराला ऐकू जाईल असं नवऱ्याला म्हणायची, "दादांनी वाडा म्हणून बांधला. मला आपली भट्टीच दिसून राहिली." तातेराव दात खात पुढचा दगड घडायचा. त्याला एकच दिसत व्हतं. घरभरणीच्या दिवशी बाप कमानीतून ताठ आत येणार, आन् गोपीचंद बघत ऱ्हाणार.

घरभरणीला समदी वस्ती कमानीपुढं जमली. गोपीचंदही लिंबाखाली उभा. बापाला नवं धोतर, नवी चप्पल दिली व्हती. पण बाप येईना. तातेराव बघाया मागं गेला आन् तिथंच थिजला.

कोंडीबा भिंतीपाशी गुडघ्यावर बसला व्हता. चप्पल दहा पावलं लांब काढलेली. हातानं दगड चाचपून राहिला व्हता.

"बा! इकडून न्हाई! तुजं घर हाय आता, म्होरून चल!"

"गेलतो रं. कमानीपस्तोर गेलतो. पाय उचलंना."

"काहून उचलंना? कुणाच्या बापाला भितोस?"

"वरडू नको," म्हातारा म्हणला. "तू बुजवलंस, बराबर केलंस. पर तीस वर्सं मी आत गेलो, ते इथूनच. भोक बारीक व्हतं, ही माझी चूक व्हती काय? भोक मोठं कर. माझ्याएवढं कर."

 तातेराव वळला आन् पहार घेऊन आला. पहिला घाव बसला तसा नरसिंग धावत आला. "दादा, अरे, तुझी भिंत!"

"सरक!"

देशमुखाला, गोपीचंदाला, घोड्यांला, सगळ्यांला शिव्या घालत त्यानं स्वतःच्या हातची भिंत फोडली. चुना इतका पक्का, की हाताची सालटी निघाली. आत कोंडलेला धूर त्याच्या तोंडावर आला. खोकत, डोळे गाळत तो वरचे दगड काढत राहिला, म्हाताऱ्याच्या पागोट्याच्या वर वीतभर जागा सुटंपर्यंत.

"चप्पल घाल," तो म्हणला.

कोंडीबानं चप्पल घातली. उभ्यानं आत गेला. गव्हाणींवरून हात फिरवला, बुद्धाच्या फोटोपुढं हात जोडले, आन् तसाच चालत कमानीतून भायेर आला, चपला वाजवत. वस्ती 'जय भीम' म्हणून वरडली.

गोपीचंद म्हणला, "तातेराव, अखेर दार मागं केलंसच की."

"व्हय," तातेराव म्हणला. पहार अजून हातातच व्हती. "आन् म्होरचं बी हाय. दोन्ही आमचीच. आता जा, वाट सोड, माझा बाप उभा हाय."