झेंडूच्या हारातली आई

मी एकटीच मेक्सिकोला निघाले तेव्हा आई आणि मी बोलत नव्हतो. हॉस्पिटलमधली नोकरी सोडून मी कॅमेरा घेऊन हिंडते, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. तिने इंग्लंडमध्ये उभा जन्म डॉक्टरकी केलेली. "तुझं तू बघ," म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या मेडनहेडपासून तिचं वेम्बली गाडीने जेमतेम तासाभरावर, पण महिनोन् महिने कुणी गेलं नाही. हट्टात मी तिच्यावरच गेले आहे.

तिथल्या ओआहाका शहराजवळच्या खेड्यांतून मला फिरवणारा गाईड पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. आधी लोकांच्या दारात बसायचं, कॅमेरा नंतर काढायचा, हा त्याचा नियम. मला तो जाचायचा, पण फोटो चांगले यायला लागल्यावर मी कुरकुर थांबवली.

एकदा गाडीत लेन्स काढताना माझ्या बॅगेतून आईचा फोटो पडला. ती रिटायर झाल्यावर मराठी मंडळाने सत्कार केला, तेव्हाचा. अंगावर पैठणी, गळ्यात झेंडूचा भलामोठा हार. "आई?" गाईडने विचारलं. मी मान डोलावली आणि विषय नको म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्याने तो फोटो मागून घेतला, आईच्या आवडीचं खाणंही विचारलं. बोलायला काहीतरी काढतोय असं समजून मी सांगितलं, कॉफी आणि केळी.

मृतांच्या सणाला, म्हणजे त्यांच्याकडच्या सर्वपित्रीला, त्याने घरी बोलावलं. टेबलभर झेंडू, मेणबत्त्या, पाव, आणि त्याच्या वारलेल्या आईच्या फोटोशेजारी माझी आई. पुढ्यात कॉफी आणि केळी.

"ती जिवंत आहे," मी म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने फोटोतल्या हाराकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडे झेंडू मेलेल्यांसाठीच. त्याची तरी काय चूक? धडधाकट माणसाला हार घालून फोटो काढायची हौस आपलीच. तो घाईघाईने फोटो उचलायला लागला. मला मात्र भीतीच वाटली. ती ठीक आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं?

अंगणात जाऊन फोन लावला. "बोल," आई म्हणाली. मी सगळं एका दमात सांगितलं.

"शेजारी कोण आहे माझ्या?"

"गाईडची आई."

"मग राहू दे. पानावरून उठवू नये कुणाला. आय ॲम परफेक्टली फाइन, बीपीसुद्धा नॉर्मल आहे." मग म्हणाली, "मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. मला लेकीचा फोनसुद्धा मेल्यावरच आला."

मला रडू फुटलं.

"पुरे आता," ती म्हणाली. "त्या टेबलाचा फोटो काढलास का? नीट काढ, आणि मला पाठव."