सासऱ्यांच्या ट्रकाला जुनं इंजिन

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगतो. एकतीस वर्षं वार्ताहर म्हणून मी भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलं. पण माझं स्वतःचं ज्या थाटात उघडं पडलं ना, तसं कुणाचंच नाही!

कॉटन ग्रीनला गोदामाच्या भिंतीलगत रस्त्यावर माझ्या सासऱ्यांचा ट्रक उभा होता. जन्मभर कापसाच्या गाठी वाहून त्याचं इंजिन कायमचं बसलेलं. आणि मेव्हण्याची मुलगी केतकी हटून बसली, "माझं रुखवत आजोबांच्याच ट्रकातून जाणार!" लग्न रविवारी, शीवच्या हॉलवर.

"त्यात काय? मी बसवतो दुसरं इंजिन," मी म्हणालो.

"तुम्ही?" माझी बायको सुलभा म्हणाली. "तुम्हाला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही!"

आता सांगा, यानंतर माघार कशी घ्यायची? मोबाईलवर बावीस व्हिडिओ पाहिले. जुन्या इंजिनांचे व्यापारी रफिकभाई यांच्याकडून इंजिन घेतलं. त्यांनी ते माझ्यासमोर चालवून दाखवलं आणि बजावलं, "साहेब, फिटिंग होईपर्यंत तोंडं बंद ठेवा. धूळ जाईल आत."

इंजिनाची तोंडं हो! माझं आजवर कुणाला बंद करता आलेलं नाही.

मी घरी चिंध्या मागितल्या. सुलभाने रद्दी हातात ठेवली. चार दिवस त्या रस्त्यावर राबलो, ग्रीसने माखलो, गोदामातल्या हमालांच्या हातापाया पडून चेनकप्पीने इंजिन उतरवलं, बसवलं. काय रुबाब सांगू माझा!

रविवारी सकाळी लाडू, करंज्या, केतकीने आइस्क्रीमच्या काड्यांची केलेली दोन मजली चाळ, सगळं ट्रकात चढलं. मी चावी फिरवली. घर्रर्र... धडधड... भसकन काळा धूर, आणि बंद!

पुन्हा फिरवली. पुन्हा धूर, पुन्हा बंद. सुलभाची मोरपिशी पैठणी करडी झाली.

"काही विसरला नाहीत ना?"

"मी? मी विसरेन?" मी फोन लावला. "रफिकभाई, भंगार गळ्यात मारलंत!"

"साहेब, चालू करून दाखवलं ना तुम्हाला?"

"तीच तर हातचलाखी! उद्या पहिल्या पानावर छापतो की नाही बघा!"

रफिकभाई येईपर्यंत मी बंपरवर उभा राहून भाषण ठोकत होतो. हमाल, टॅक्सीवाले, चहावाला, सगळे जमले. "या शहरात जुन्या इंजिनांची टोळी आहे, टोळी!" एकाने तर टाळीसुद्धा वाजवली. तिकडे केतकीचे फोनवर फोन, "काका, मुलाकडचे आले, रुखवत कुठाय?"

रफिकभाई आले. इंजिनात हवा जाते तो पाइप सोडवला, दोन बोटं आत घातली आणि कागदाचा बोळा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा!

रद्दीचे बोळे कोंबून मीच तोंडं बंद केली होती, उघडायची कोणी? इंजिनाला श्वासच नव्हता हो!

रफिकभाईंनी बोळा मांडीवर सपाट केला आणि मोठ्यांदा वाचला. "'रस्त्यावरची बेकायदा गॅरेजं तत्काळ बंद करा!' साहेब, खाली फोटो तुमचाच ना?"

"अवो, मग पयलं ह्येच बंद करा की!" एक हमाल ओरडला. अख्खा रस्ता हसला. मी बंपरवरून उतरलो आणि हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या साहेब," रफिकभाई म्हणाले. "पोरगी वाट बघते. मारा सेल्फ."

चावीच्या एका फेऱ्यात चालू! काय तो आवाज! हिंदमाता गेलं, दादर गेलं, मागे काड्यांची चाळ डुलतेय, सासऱ्यांचा ट्रक झोकात शीवकडे. मला इतकं बरं वाटलं की अंगात पुन्हा वार्ताहर संचारला.

"ती बातमी तेव्हा फार गाजली होती हं," मी म्हणालो.

पैठणीवरची काजळी झटकत सुलभा म्हणाली, "गाजली असेल. पण एकतीस वर्षांत तुमच्या बातमीने काही बंद पडलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं."