थोरल्या दिरासमोर घेतलेले नाव

१९३४ साली दिल्लीच्या कायदेमंडळासाठी मतदान झाले, त्या दिवशी नाशिकच्या एका शाळेत माझ्या आत्याने थोरल्या दिरासमोर मयत नवऱ्याचे नाव उच्चारले.

मत ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांनाच होते. आत्याला ते नवऱ्यामागे तिच्या नावावर आलेल्या मखमलाबादच्या मळ्यामुळे मिळाले. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडे राही. दिराने मामलेदार कचेरीत अर्ज दिला होता की तिने पाट लावला आहे, म्हणजे दुसरा नवरा केला आहे. पाट लावणाऱ्या विधवेचा नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जाई. मतदारयादीत मात्र ती अजून त्याची विधवा म्हणूनच होती. उमेदवार कोण, हे तिने विचारले नाही. "सरकारी माणसापुढं त्या नावानं उभी ऱ्हायले, एवढं कागदावर येऊ दे," म्हणाली.

मी तिला घेऊन गेलो. आत एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून दीरच बसला होता. तिने पदर पुढे ओढला.

"बाई, नवऱ्याचं नाव?" अधिकाऱ्याने विचारले. तो परजिल्ह्यातला होता.

तिने माझ्याकडे पाहिले. मी सांगू लागलो.

"तुम्ही नाही. त्यांनी सांगायचं."

रांगेतून एक जण ओरडला, "मावशे, उखाण्यात घे की! सायबाला बी कळंल." लोक हसले.

"नाव नाही, तर मत नाही," अधिकारी म्हणाला.

आत्याने नाव घेतले. नवऱ्याचे, सासऱ्याचे, मग आडनाव. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

दीर उठला. "साहेब, माझी हरकत हाय. लिहून घ्या. आमच्या घरची बाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाय, तेबी थोरल्या दिरापुढं. ही दुसऱ्याची झाली, म्हणून तोंडातनं निघालं."

आत्या अधिकाऱ्याकडे पाहूनच बोलली. "त्यास्नी इचारा, मी कोण ते. वळखीत नाय का मला?"

"वळखीत व्हतो," दीर म्हणाला.

अधिकाऱ्याने यादी पुन्हा वाचली. मतपत्रिका दिली, पण ती पेटीत टाकू दिली नाही. हरकतीचे मत म्हणून वेगळ्या पाकिटात घातली आणि शेरा लिहिला. शेऱ्याखाली आत्याचा अंगठा आणि दिराची सही घेतली.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "काय लिवलं?"

मी सांगितले: नवऱ्याचे नाव मतदाराने स्वतः सांगितले, ओळखीस हरकत.

"पहिलं लिवलं ना पण?"

"लिहिलं."

मतमोजणीत ते पाकीट उघडले गेले नाही. दिराने शेऱ्याची नक्कल काढून पाटाचा पुरावा म्हणून आपल्या अर्जाला जोडली. मामलेदाराने चौकशी तीनदा पुढे ढकलली. चौथ्या तारखेच्या आत आत्या वारली. ती गेली त्या दिवशी मळ्याच्या उताऱ्यावर तिचेच नाव होते.