डोक्यावरची टोपली

तुमच्या मानेचा नैसर्गिक बाक गेलाय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. सोळा वर्षं मान खाली घालून बसले, बाक जाईल कसा? पण एक्स-रेत मणके काठीसारखे सरळ होते. उल्हासनगरला मी घरी बसून जीन्सचे धागे कापते. मांडीवर पँट, नजर शिवणीवर. आता उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, कात्री निसटायची. हातच गेला तर करायचं काय?

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिला: हनुवटी आत, डोकं ताठ. "हे काय, फोटोला बसल्यासारखं!" म्हणून मी तो सोडला आणि अंबरनाथच्या शंकराला अकरा सोमवार बोलले. गाभाऱ्यात उतरताना प्रत्येक पायरीवर कपाळ टेकायचं. मुलगी ओरडली, "आई, वेडी आहेस का? मानच दुखतेय ना तुझी?" पण मी कुणाचं ऐकते!

चौथ्या सोमवारी तिसऱ्याच पायरीवर मानेतून हातात कळ गेली. बेलाचं पान बोटांतून गळून पडलं. भिंतीला धरून मी रडायलाच लागले. मागे जवळच्या खरवई गावची एक म्हातारी होती, बेल विकून रिकामी टोपली घेऊन दर्शनाला आलेली. तिने मला बाहेर आणून बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाय गो, देवाला काय तुझी मान मोडून पायजे?" असं म्हणत तिने टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. "हां, आता चाल. पाडू नको."

टोपली सांभाळताना हनुवटी आपोआप आत गेली, खांदे मागे. अगं बाई! मॅडमचा व्यायाम तो हाच. कपाळ न टेकता आम्ही दोघी खाली उतरलो. गाभाऱ्याच्या उघड्या माथ्यातून उजेड येत होता. इतकी वर्षं येतेय, वर कधी पाहिलंच नव्हतं. म्हातारीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

मॅडमना जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "टोपली नको, टोपली आहे असं समजा." आता व्यायाम चुकवत नाही, कामातून मधेमधे उठते. बाक परत आला का, माहीत नाही. याला चमत्कारही म्हणणार नाही. मला बरं कर, पण मी सांगते तसंच कर, असं देवापुढे अडून बसले होते. तो हट्ट सोडला, एवढंच.

अकराव्या सोमवारी ताठ मानेने पायऱ्या उतरले आणि उजव्या हातात बेल घेतला. पिंडीवर ठेवेपर्यंत तो बोटांतून सुटला नाही. मग मात्र रडले.