झाकणाला लटकलेल्या अळ्या

प्रयोगशाळेत आम्ही हरभऱ्यावरची घाटेअळी वाढवतो. प्रत्येक अळीला वेगळा कप्पा द्यावा लागतो, कारण दोघी एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाते. गेल्या आठवड्यात त्यांच्या खाण्यात विषाणू मिसळला होता. आज सकाळी डबा उघडला, तर साऱ्याजणी झाकणाला उलट्या लटकून मेलेल्या.

विषाणू लागलेली अळी मरण्याआधी वर चढत जाते. शेतात असती तर ती शेंड्यापर्यंत गेली असती, आणि तिच्या अंगातून विषाणू खालच्या पानांवर ठिबकला असता. तिला चढायला लावणारं जनुक विषाणूचंच असतं. ते कसं काम करतं, हेच मी शोधते आहे. पण इथे चढून चढून पोचायचं कुठे, तर प्लास्टिकच्या झाकणाशी.

संध्याकाळी गच्चीवरून आईला फोन केला. समोरच्या गच्च्यांवरही एकेकटी माणसं उभी होती.

"वाऱ्यानं काही ऐकू येत नाही गं. खोलीत जाऊन बोल की," आई म्हणाली.

"खोलीत रेंज नाही," मी नेहमीसारखं सांगितलं.

खोलीत रेंज चांगली येते. तरी संध्याकाळ झाली, की माझे पाय आपोआप जिना चढायला लागतात.