मागची लिफ्ट

सीवूड्सचा आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी फोनवर सांगितलं की भाडेकरू ब्राझीलची आहे, तळोज्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. गृहस्थ असे खुलले की विचारू नका. "ब्राझील! वा! फुटबॉल, समुद्रकिनारे!" संध्याकाळपर्यंत बातमी सगळे मजले फिरून आली.

शनिवारी ती बॅगा घेऊन आली. उंच, केसांच्या बारीक वेण्या घातलेली, काळीभोर बाई. वॉचमनने तिला पुढच्या लिफ्टपाशी अडवलं आणि बोटाने मागची लिफ्ट दाखवली. ही लिफ्ट म्हणजे कचऱ्याचे डबे, सिलिंडर आणि मोलकरणी यांची. पाठोपाठ मला सेक्रेटरींचा फोन. "अहो, तुम्ही ब्राझील म्हणालात. ही तर आफ्रिकन दिसतेय! एनओसी नाही मिळणार. फॅमिलीवाले राहतात इथे."

मी तिचा पासपोर्ट घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चेहऱ्यावर पुन्हा तेच हसू उगवलं. "खरंच की! सॉरी हं, गैरसमज झाला. पुढच्या लिफ्टने जाऊ दे मॅडमना." बाई तीच, कातडी तीच, पासपोर्ट दिसला आणि ती माणसांत आली. मला शिसारी आली. नकारापेक्षा त्या हसण्याची जास्त.

वर फ्लॅटमध्ये मी माफी मागायला लागलो, तर ती म्हणाली, "राहू द्या. आमच्याकडेही इमारतींना दोन लिफ्ट असतात." मग बॅगेवरच बसून सांगत राहिली. तिच्या पणजीची आई गुलाम होती. गुलामगिरी उठली, पण हातात जमिनीचा तुकडा पडला नाही. मळ्यातून सुटलेल्या बायका गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्या. आजी दुसऱ्यांची मुलं सांभाळायला जन्मभर मागच्या लिफ्टने चढली. आई शिकून नर्स झाली, मैत्रिणीच्या घरी फुलं घेऊन गेली, तरी दरवानाचं बोट मागेच. आता तसं करायला कायद्याने बंदी आहे म्हणे.

"पण बोटाला कायदा कोण शिकवणार?" ती म्हणाली. "आणि आम्ही सगळे मिसळलेले, आमच्यात भेदभाव नाहीच, हे दुसऱ्यांना मागे पाठवणारेच मोठ्याने सांगतात."

आमचे सेक्रेटरीही झेंडावंदनाला हेच सांगतात.

तेवढ्यात माझी आई आली. आम्ही इथले आगरी. ही इमारत आमच्याच भातशेतीवर उभी आहे. भाडेकरू बदलला की पहिल्या दिवशी त्याला चूल पेटवू द्यायची नाही, हा आईचा नेम. चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन, काष्ट्याचं लुगडं सावरत ती आत आली. मी तणतणत तिला खालचा सगळा प्रकार सांगितला.

आई ओट्यावर डबे मांडत शांतपणे म्हणाली, "त्यान काय? मना त तो वाचमन नेमी तिकरच, मागचे लिफ्टीनच धारतो. हातान मासली असतं नं."

"काय म्हणतायत त्या?" पाहुणीने मला विचारलं.

इंग्रजी मला चांगलं येतं. तरी ते वाक्य तोंडातून बाहेर पडेना.